भाईंदरला, एका दीर्घिकेच्या कडेपर्यंत

मी भाईंदरला निघालेय असं सांगितल्यावर कोल्हापुरातल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "कोण गेलं?" माणूस भाईंदरला जातो तो मयताला, बारशाला नाहीतर फ्लॅट बघायला, असा आमच्याकडे समज आहे. मी म्हटलं, कोणी गेलेलं नाही, एका दीर्घिकेच्या कामाला चाललेय. वहिनी भल्या आहेत. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, वाटेत खायला दोन दशम्या तेवढ्या बांधून दिल्या.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचा प्रवास कळणार नाही. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि लंबगोल दीर्घिकांचा अभ्यास करते. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र नांदणारा पसारा. आपली आकाशगंगा ही त्यातलीच एक, आणि लंबगोल दीर्घिका या त्यांच्यातल्या म्हाताऱ्या. आकाशात जितकं दूर पाहावं तितकं जुनं दिसतं, कारण तिथला प्रकाश इथवर यायलाच कोट्यवधी, अब्जावधी वर्षं लागतात. तसं फार दूर पाहिलं की या दीर्घिका लहान आणि भरगच्च दिसतात. नवे तारे घडवण्याचं काम त्यांनी तरुणपणीच उरकलेलं असतं. जवळच्या, म्हणजे आजच्या काळातल्या, मात्र ऐसपैस पसरलेल्या असतात. मधल्या काळात त्यांनी आसपासच्या लहानसहान दीर्घिका गिळल्या आणि त्यांचे तारे आपल्या कडेला पसरले. हे मी वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आलेय: मोठी झाली ती गिळूनच झाली, यातून कोणी सुटलेली नाही.

माझ्याच विद्यार्थिनीला, केतकी सावंतला, एक सुटलेली सापडली. आपल्यापासून बरीच जवळ, तरी जुन्या काळातल्यासारखी लहान आणि घट्ट, कडेला काहीही नाही. जशी घडली तशीच राहिलेली. अशा दीर्घिकेला आम्ही अवशेष म्हणतो. पोरीने मला खोटं पाडलं आणि मला त्याचा आनंद झाला. गुरूने असंच म्हणायचं असतं हे खरं, पण मला खरोखरच झाला. आमच्या दोघींच्या नावाचा लेख स्वीकारला गेला आणि त्याच्या जोरावर परदेशातल्या एका गटाने केतकीला कामाला बोलावलं. लेख छापायला सोडण्याची शेवटची परवानगी तेवढी सोमवारी द्यायची राहिली होती.

आणि त्याच आठवड्यात, एका व्याख्यानासाठी त्या दीर्घिकेचं चित्र मोठं करताना मला तिच्याभोवती एक काळं कडं दिसलं. आजूबाजूच्या आकाशापेक्षाही काळं. असं नसतं. आकाशाहून अंधारं काही असत नाही. प्रकाश मोजताना रिकाम्या आकाशाचा उजेड शून्य धरून वजा करतात, आणि हे शून्य कुठे धरायचं यातच आमच्या धंद्यातली सगळी मेख आहे. पुराच्या दिवशी पंचगंगेची पातळी शून्य धरून घाटाची उंची मोजली तर निम्मा घाट नाहीसाच होईल. दीर्घिकेच्या अगदी जवळचं आकाश रिकामं समजून धरलं, तर तिच्याच कडेचा उजेड तिच्यातून वजा होतो. तसंच झालं असावं, अशी मला शंका आली.

मी केतकीला कळवलं. तिने फोन घेणं बंद केलं. मूळ चित्रं तिच्याच घरी, तिच्या डिस्कवर होती. दुसऱ्या दिवशी तिचा एवढाच निरोप आला: "तुम्हाला ते दिसणारच होतं." रात्रीच्या बसचं तिकीट मी तेव्हाच काढलं.

काशीमीरा

बसने मला उजाडता उजाडता काशीमीऱ्याला महामार्गाच्या कडेला उतरवलं आणि निघून गेली. एका बाजूला ट्रकांची रांग, दुसऱ्या बाजूला गॅरेजं, लॉज आणि गोदामं. रस्ता ओलांडायला आमच्याकडे हात वर केला की गाडी थांबते. इथे हात वर केल्यावर तीन रिक्षा थांबल्या आणि ट्रक तसाच अंगावर आला. मी परत मागे.

रिक्षावाल्याशी मी हिंदीत बोलले. माझं हिंदी म्हणजे कोल्हापुरी मराठीला मारलेली शिवण, "जेसल पार्क को सोडेंगे क्या" असलं. तोही तसल्याच हिंदीत बोलला. बऱ्याच वेळाने त्याला बायकोचा फोन आला आणि तो म्हणाला, "अगं येतोय, एक भाडं सोडतोय." दोन मराठी माणसं एवढा वेळ एकमेकांना वाईट हिंदी ऐकवत होती. मी हे बोलून दाखवल्यावर तो हसला आणि म्हणाला, इथं सवयच लागलीय, घरात पण कधीकधी तोंडातून हिंदीच निघतं. एरवी मी त्याची चांगली फिरकी घेतली असती, पण त्या सकाळी माझं लक्ष केतकीच्या निरोपात अडकलं होतं.

जेसल पार्क

इतक्या सकाळी कुणाच्या दारात उभं राहू नये म्हणून मी केतकीच्या सोसायटीच्या बाहेर एका दुकानात मिसळ मागवली. आली ती कांद्यावाचून. आजूबाजूला जैन आणि गुजराती वस्ती मोठी, त्यामुळे वेगळं सांगितल्याशिवाय कांदा-लसूण घालत नाहीत. कोल्हापूरच्या बाईपुढे बिनकांद्याची मिसळ ठेवणं हा खरं तर फौजदारी गुन्हा धरायला हवा. पण चटणी शेंगदाण्याची होती, ताजी होती, आणि मी सगळी संपवली.

दार केतकीनेच उघडलं. डोळे सुजलेले होते. "या" म्हणाली नाही. "चहा घेणार?" म्हणाली. तिच्या आई सुनंदाताई घरी साड्यांना फॉल-पिको करून देतात. दोन खोल्यांच्या त्या घरात मशीन, साड्यांचे गठ्ठे आणि केतकीचा संगणक एकाच भिंतीला लावलेले होते. वडील छपराच्या कामासाठी रत्नागिरीला गावी गेले होते. मी चपला काढतेय तोवर समोरच्या घरातल्या गुजराती बेन थेपल्यांचा डबा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "आप इसकी टीचर? पूरी बिल्डिंग को पार्टी चाहिए, हां." केतकी आत निघून गेली. सुनंदाताईंनी डबा घेतला आणि कसनुसं हसल्या.

चहा झाल्यावर आम्ही कामाला बसलो. मूळ चित्रं काढली आणि शून्य दीर्घिकेपासून खूप लांब, खरोखर रिकाम्या जागी धरलं. यंत्राने दुपारपर्यंत वेळ घेतला. चित्र आलं तेव्हा काळं कडं गेलं होतं. त्याच्या जागी काहीतरी फिकट होतं, आरशावर श्वास सोडल्यावर उमटतं तेवढंच. आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.

"ही कड आहे," मी म्हणाले.

"ही दुर्बिणीची झळाळी आहे," केतकी म्हणाली. तेही शक्य होतं. उजळ गोष्टीचा प्रकाश दुर्बिणीच्या आरशांवरून थोडा पसरतो आणि असंच वलय दिसतं. झळाळी असेल तर तिचा अवशेष शाबूत. कड असेल, तर त्या दीर्घिकेनेही चारचौघींसारखंच गिळलेलं होतं, आणि केतकीच्या चार वर्षांतलं निम्मं काम पुसलं जाणार होतं. इतक्या फिकट उजेडात आकडेही कुणा एकाची बाजू घेत नव्हते. आवाज चढले. शेवटी ती खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही आयुष्यभर एकच सांगत आलायत, सगळ्या गिळतात. तुम्हाला तिथं दिसायलाच हवंय काहीतरी."

"आणि तुला दिसायला नकोय," मी म्हणाले.

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. रात्री सुनंदाताईंनी माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं.

गोडदेव

शनिवारी केतकी संगणकापुढून उठेना आणि मला तिच्या शेजारी बसवेना. सुनंदाताई मासळी आणायला निघाल्या, त्यांच्याबरोबर मी गेले. इमारतीत निम्मी घरं शाकाहारी, म्हणून त्या मासळी दोन पिशव्यांत गुंडाळून आणतात आणि खिडकी लावून शिजवतात. लपूनछपून नव्हे, शेजारधर्म म्हणून, असं त्यांनी मला सांगितलं. आमच्याकडे रविवारी गल्लीभर रश्शाचा वास सुटला नाही तर लोक चौकशीला येतात.

गोडदेव हे जुनं गाव. मी गाव शोधत होते आणि दिसत होत्या नुसत्या इमारती, एकमेकींना खेटून. मग दोन इमारतींच्या मधून आत शिरलो आणि एकदम बैठं घर, अंगण, तुळस, पलीकडे देऊळ. मासळी विकणाऱ्या आजींना मी विचारलं, गाव कुठे गेलं म्हणून. त्या म्हणाल्या, "गाव कुटं जाईल? हाय तितंच हाय. आमी कुटं गेलो न्हाय बाय." आणि बोंबलाचा वाटा माझ्यापुढे सारला. मधोमध जुनं गाव, भोवती बाहेरून आलेली वस्ती, आणि आतल्यांची भाषा अजून आतल्यांचीच. इतकी वर्षं फळ्यावर दीर्घिका काढून मी जे शिकवते ते इथे आयतंच मांडलेलं होतं. पण ते बोलून दाखवायला शेजारी केतकी नव्हती, आणि असती तरी तिला ते आवडलं नसतं.

परतताना सुनंदाताई एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबल्या. पिशवी खाली ठेवली.

"मला त्यातलं काय कळत नाही, मॅडम. पण चार वर्षं मी बघतेय ना. आमच्या दोन्ही घराण्यांत कोणी विमानात बसलेलं नाही. आता ही चाललीय म्हणून मी सगळ्यांना सांगून बसले." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "खोटं बोला म्हणत नाही मी. पण दोन्हीकडून सारखंच दिसत असेल, तर जरा तिच्या बाजूला झुका."

मी म्हटलं, बघू. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि आला नाही. माझ्या आईने माझ्यासाठी कुणापुढे असा शब्द टाकला असता तर मला रडू आलं असतं, एवढंच मनात येत राहिलं.

खाडीकाठ

संध्याकाळी केतकी आपणहून म्हणाली, चला, चौपाटीवर जाऊ. जेसल पार्कच्या लोकांनी खाडीकाठाला चौपाटी हे नाव दिलंय. वाळू नाही. बांध आहे, तिवरं आहेत, ओहोटीचा काळा चिखल आहे, आणि चिखलात बगळे. भेळवाला मात्र आहे, आणि तोही आधी विचारतो, जैन की रेग्युलर. आम्ही रेग्युलर घेतली आणि बांधावर बसलो.

भेळ संपत आली. मग तिने तिच्या मनातली युक्ती सांगितली. त्याच झळाळीची, पण खोटी चित्रं यंत्राकडून बनवून घ्यायची. काहींना कड लावलेली, काहींना नाही, काही ठिकाणी अगदी फिकट. त्यांत आपलं खरं चित्र मिसळायचं. ओळखू येऊ नये म्हणून आसपासचे तारे पुसायचे, चित्रं फिरवायची, मधला उजळ भाग झाकायचा. मग दोघींनी वेगवेगळं बसून प्रत्येकापुढे लिहायचं, कड आहे की नाही. खरं चित्र कुठलं ते दोघींनाही माहीत नसेल. आमच्या कामात ही रीत जुनीच आहे. डोळ्यावर विश्वास नसला की डोळ्याची परीक्षा अशी घेतात.

कुठलं चित्र कुठलं ते कळू नये म्हणून त्यांची नावं कोण बदलणार, मी विचारलं. यंत्रच बदलेल की, असंही मीच म्हटलं.

"यंत्र माझं आहे," केतकी म्हणाली. "तुम्हाला वाटेल मी आत डोकावले. आईला करू दे."

आणि एक अट ठरली. नावं उघडल्यावर कोणी आपलं उत्तर बदलायचं नाही. जे लिहिलं ते लिहिलं आणि तसंच कळवायचं. मी हो म्हटलं. तिने हात पुढे केला आणि आम्ही व्यवहार ठरल्यासारखा हात मिळवला. घरी जाताना ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती.

रविवार

सुनंदाताईंना संगणकातल्या चित्रांची नावं कशी बदलायची ते केतकीने शिकवलं. सगळ्यांत पहिलं चित्र खरं असेल, त्याला काय नाव दिलं तेवढं मनात ठेवायचं, आम्हाला सांगायचं नाही. मग आम्ही दोघी जिन्यात जाऊन उभ्या राहिलो. आत गेलो तर पडद्यावर तारली, बांगडा, बोंबील, मांदेली, रावस, सुरमई असा अक्षरवार सगळा बाजार मांडलेला. मी म्हटलं, ताई, लिहून ठेवलंत ना कुठेतरी? त्या म्हणाल्या, "त्यात लिहायचं काय? मासा मी विसरेन होय?"

केतकी आधी बसली. मी स्वयंपाकघरात. मशीन बंद, पंखा बंद, सुनंदाताई लसूण सोलत होत्या आणि एकदाही माझ्याकडे बघत नव्हत्या. मग माझी पाळी आली.

मी चित्रं एकेक करून बघत गेले. बोंबील, नाही. बांगडा, आहे. मांदेलीपाशी अडले, फारच फिकट होतं, पण होतं. आहे, लिहिलं. मग सुरमई उघडली. कड होती. आणि ती सारखी नव्हती. एका अंगाला उजेडाचा बारीक झोत बाहेर निघाला होता, विरत गेलेला, मधला उजळ भाग आणि आसपासचे तारे झाकल्यामुळे आता पहिल्यांदाच दिसणारा. खोट्या चित्रांच्या कडा यंत्राने घोटीव गोल काढलेल्या होत्या. दुर्बिणीची झळाळीही असा एका बाजूला पाय पसरत नाही. हा एखाद्या लहान दीर्घिकेचा माग होता, आत ओढली जाताना तिचे तारे असे मागे राहतात. म्हणजे हीच केतकीची दीर्घिका, आणि ती गिळताना पकडली गेली होती.

मी त्या चित्रापुढे फार वेळ बसले. आतल्या खोलीतून लसूण सोलल्याचा आवाज येत होता. मग मी सुरमईपुढे लिहिलं, नाही. अक्षर नेहमीसारखंच आलं, हे मला अजून आठवतं आणि त्याचंच वाईट वाटतं.

दोन्ही कागद टेबलावर आले. केतकीने आधी यंत्राकडून खोट्या चित्रांची उत्तरं तपासली. तिचं एक चुकलं होतं, माझं एकही नाही. मग तिने आईला विचारलं.

"सुरमई," सुनंदाताई म्हणाल्या.

केतकीने माझा कागद ओढून घेतला, आपल्या कागदाशेजारी ठेवला आणि वाचला. तिच्या कागदावर सुरमईपुढे लिहिलं होतं, आहे. खाली रेघ मारली होती.

"मांदेलीत तुम्हाला दिसलं," ती सावकाश म्हणाली. "ती सुरमईपेक्षा फिकी आहे. माझं तिथंच चुकलं. आणि सुरमईत नाही दिसलं?"

मी माझा कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"तो झोत मीही बघितला, मॅडम. बघितल्याबरोबर मला कळलं ही कोण आहे ते." तिचा आवाज फाटला. "आई काही बोलली का तुम्हाला?"

दाराशी सुनंदाताई पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. मी म्हटलं, नाही, त्यांचा काही संबंध नाही, माझं मीच लिहिलं. केतकी आईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि तिने पुढे विचारलं नाही. सगळं कळलं होतं तिला. ती खुर्चीत बसली, तोंड ओंजळीत धरलं आणि रडली. सुनंदाताईंनी पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिने झटकला नाही.

मग तिने डोळे पुसले आणि लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहायला घेतलं. परदेशातल्या गटालाही तेच पाठवणार होती. वाक्य लिहिलं की वाचून दाखवायची, कारण लेखावर माझंही नाव होतं. शून्य कुठे चुकलं ते लिहिलं. झोताचं लिहिलं. मग परीक्षेचं आलं: दोन निरीक्षकांपैकी केतकी सावंत यांना कड दिसली. त्यांच्या मार्गदर्शक, आणि पुढे माझं नाव, यांना दिसली नाही.

"ते बदल," मी म्हणाले. "मला दिसली होती."

"नावं उघडल्यावर उत्तर बदलायचं नाही. ठरलंय आपलं."

"केतकी, दिसली नाही म्हणून काही मी तसं लिहिलेलं नाही, तुला माहितेय."

"माहितेय." ती माझ्याकडे बघून पहिल्यांदाच थोडंसं हसली, सुजलेल्या डोळ्यांनी. "पण ते लिहायला यात रकाना नाही, मॅडम. पाठवू?"

सुनंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पाठव.

तिकडून अजून उत्तर आलेलं नाही. केतकी त्या झोतावर नवा लेख लिहायला बसली आहे आणि फोन घेते. मोठ्या दीर्घिका गिळूनच मोठ्या होतात, हे मी जन्मभर भांडून सांगितलं. त्याचा माझ्या हाती आलेला सगळ्यांत स्वच्छ पुरावा भाईंदरच्या त्या दोन खोल्यांत सापडला, आणि ज्या पत्राने तो पहिल्यांदा बाहेर कळला त्यात माझ्या नावापुढे "दिसली नाही" असं आहे. मला त्याची लाज वाटते. पोरीचा अभिमान त्याहून मोठा आहे, म्हणून ते पत्र मी कोणी विचारलं तर दाखवते, आणि खुलासा करत नाही.